वाऱ्याच्या आडोशाला वसलेल्या राजधान्या : छोट्या बेटदेशांची नावं समजून लक्षात ठेवताना

३ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिम्पिकमधली एकच संध्याकाळ. सेंट लुसियाची ज्युलियन अल्फ्रेड शंभर मीटरच्या शर्यतीत पहिली आली आणि डॉमिनिकाच्या थिआ लाफॉन्डने तिहेरी उडीत सुवर्णपदक मिळवलं. दोन्ही देशांचं ते आजवरचं पहिलं ऑलिम्पिक पदक होतं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये केप व्हर्द हा अटलांटिकमधला द्वीपसमूह २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी पात्र ठरला. अशी बातमी आली की जगभरचे लोक नकाशा उघडतात. हा देश आहे तरी कुठे? राजधानी कोणती? कॅस्ट्रीज, रोझो, प्राया. नावं वाचली जातात, आणि आठवड्याभरात पुसूनही जातात.

ती पुसली जातात यात वाचणाऱ्याची स्मरणशक्ती कमी पडते असं मला वाटत नाही. आपण ही नावं चुकीच्या टोकाकडून शिकतो. आधी नाव पाठ करतो, मग जागा शोधतो, आणि ती राजधानी तिथेच का झाली हे विचारायचं तर राहूनच जातं. हा क्रम उलटा केला की बरंच सोपं होतं.

## आधी यादी किती मोठी आहे ते पाहू

संयुक्त राष्ट्रांचे सदस्य देश १९३. त्यांतले छोटे बेटदेश मोजायला बसलं की साधारण तीस भरतात. सायप्रस किंवा तिमोर-लेस्ते धरायचे की सोडायचे, यावर आकडा थोडा इकडेतिकडे होतो. म्हणजे यादी काही अफाट नाही. तिचे ठळक गट पडतात : प्रशांत महासागरातले अकरा, कॅरिबियन समुद्राच्या परिसरातले दहा, हिंदी महासागरातले मालदीव, सेशेल्स, मॉरिशस आणि कोमोरोस, आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्द आणि साओ टोमे व प्रिन्सिपे. शिवाय माल्टा, बहरीन, सिंगापूर असे आपापल्या जागी एकटे असलेले काही.

‘देश’ म्हणजे इथे सार्वभौम देश, ज्याच्यावर दुसऱ्या कोणाची सत्ता नाही असा. हा शब्द एकदा नीट समजून घेतला की पुढचा बराच गोंधळ टळतो. क्युरासाव हे बेटही २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरलं आणि त्याची राजधानी विलेमस्टाड आहे, पण ते नेदरलँड्सच्या राज्याचा एक घटक आहे. अमेरिकन सामोआ अमेरिकेच्या ताब्यात आहे. शेजारचा सामोआ मात्र स्वतंत्र देश आहे आणि त्याची राजधानी आपिया.

## नावं टिकत का नाहीत?

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थहीन अक्षरगट स्वतः पाठ केले, किती वेळाने किती विसरले हे मोजलं आणि ते निष्कर्ष १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या काही तासांतच मोठा भाग गळून जातो आणि उरलेला मग हळूहळू ओसरतो, असं त्याला दिसलं. आपल्या कानाला ‘नुकुआलोफा’ हा तसाच अक्षरगट वाटतो. टोंगाच्या माणसाला तो तसा वाटत नाही. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ आहे ‘प्रेमाचं निवासस्थान’. शब्द एकच, पण त्याच्याकडे तो टांगायला खुंटी आहे आणि आपल्याकडे नाही.

दुसरी अडचण सरमिसळीची. एका वर्गात एकाच नावाची चार मुलं असली की शिक्षकांना चौघांचे चेहरे वेगळे ठेवणं जड जातं. राजधान्यांचंही तसंच आहे. जमैकाची किंग्स्टन, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडाइन्सची किंग्जटाउन. अँटिग्वा आणि बार्बुडाची सेंट जॉन्स, ग्रेनेडाची सेंट जॉर्जेस. पोर्ट लुई, पोर्ट व्हिला, पोर्ट ऑफ स्पेन. डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक तर दोन वेगळे देश. पहिल्याची राजधानी रोझो, दुसऱ्याची सांतो दोमिंगो. अशा जोड्या एकाच बैठकीत घोकल्या तर दोन्ही बिघडतात.

म्हणून प्रत्येक राजधानीसाठी खुंटी शोधायला हवी. मला सापडलेली सगळ्यात मजबूत खुंटी आहे वारा.

## भिंतीच्या कोणत्या बाजूला उभं राहाल?

जोराचा वारा सुटलाय आणि मोकळ्या मैदानात एकच भिंत आहे. तुम्ही कुठे उभे राहाल? जिथे वारा लागत नाही त्या बाजूला. शिडाच्या जहाजांनीही नेमकं हेच केलं.

विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या उष्ण पट्ट्यात वर्षाचा बराच काळ पूर्वेकडून वारे वाहतात. यांना व्यापारी वारे म्हणतात. उत्तर गोलार्धात ते ईशान्येकडून येतात, दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून. डोंगराळ बेट मध्ये आलं की तेच भिंत होतं. त्याच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर लाटा आदळत राहतात आणि वारा जहाजाला खडकांकडे ढकलतो. पलीकडच्या बाजूला पाणी शांत. तिथे नांगर टाकता येतो, माल उतरवता येतो, आणि निघताना तोच वारा जहाजाला अलगद खुल्या समुद्राकडे नेतो. जिथे जहाज थांबलं तिथे गोदाम आलं. मग जकात घेणारा आला, पाठोपाठ किल्ला आणि गव्हर्नरचं घर. राजधानी अशी उगवली.

आता नकाशा घ्या आणि पडताळून पाहा. कॅरिबियन बेटं उत्तर गोलार्धात आहेत, म्हणजे आडोसा पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला मिळायला हवा. सेंट लुसियाची कॅस्ट्रीज वायव्य किनाऱ्यावर. डॉमिनिकाची रोझो पश्चिमेच्या बाजूला. किंग्जटाउन, ग्रेनेडाची सेंट जॉर्जेस, सेंट किट्स आणि नेव्हिसची बासतेर आणि बार्बाडोसची ब्रिजटाउन या चारही नैर्ऋत्येला. अटलांटिक ओलांडून केप व्हर्दला जा. तिथे वारा ईशान्येचा, आणि प्राया सांतियागो बेटाच्या दक्षिण टोकाला.

विषुववृत्त ओलांडलं की चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटतं. आग्नेयेच्या वाऱ्यापासून आडोसा उत्तरेला आणि वायव्येला. मॉरिशसची पोर्ट लुई वायव्य किनाऱ्यावर आहे. टोंगाची नुकुआलोफा, सामोआची आपिया आणि सॉलोमन बेटांची होनियारा, तिन्ही आपापल्या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर. कोमोरोसची मोरोनी आणि व्हानुआतूची पोर्ट व्हिला पश्चिमेच्या अंगाला. पहिल्यांदा हे जुळवून पाहिलं तेव्हा मी बराच वेळ नकाशासमोर बसून होतो. इतकी वेगळी वाटणारी शहरं, आणि सगळी वाऱ्याकडे पाठ करून बसलेली.

## पण हा नियम सगळीकडे लागू पडतो का?

नाही, आणि जिथे तो मोडतो तिथेही काहीतरी शिकायला मिळतं. फिजीची सुवा मुख्य बेटाच्या आग्नेयेला, चक्क वाऱ्याच्या तोंडावर आहे. तिथे प्रवाळाच्या खडकांनी बंदराला आडोसा दिलाय. वारा मात्र पाऊस घेऊन येतोच, म्हणून सुवा ओलीचिंब आणि त्याच बेटाची पश्चिम बाजू बरीच कोरडी. सेशेल्सची व्हिक्टोरिया माहे बेटाच्या ईशान्येला आहे, पण समोरच सेंट ॲन आणि इतर लहान बेटांची फळी उभी आहे. बहामाची नासाउ उत्तर किनाऱ्यावर असली तरी तिच्यापुढे एक लांबट, चिंचोळं बेट आडवं पडलंय. म्हणजे आडोसा हवाच. तो डोंगराने दिला नाही तर खडकाने नाहीतर शेजारच्या बेटाने दिला.

शिवाय हा आडोसा रोजच्या वाऱ्यापुरता असतो. चक्रीवादळात वाऱ्याची दिशाच फिरते. मार्च १८८९ मध्ये आपियाच्या बंदरात अमेरिका, जर्मनी आणि ब्रिटनच्या युद्धनौका एकमेकींवर नजर ठेवून उभ्या होत्या. वादळ आलं ते उत्तरेकडून, बंदराच्या उघड्या तोंडातून. अमेरिकेच्या तिन्ही आणि जर्मनीच्या तिन्ही नौका फुटल्या किंवा किनाऱ्यावर फेकल्या गेल्या. ब्रिटिशांची ‘कॅलिओपी’ तेवढी इंजिनाच्या जोरावर वादळाच्या तोंडातून बाहेर पडली. ही घटना एकदा वाचल्यावर आपिया उत्तर किनाऱ्यावर आहे हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

## नाव कोणी ठेवलं, हेही विचारा

जागा समजली की नावाकडे वळायचं. सेंट लुसियात कारभाराची भाषा इंग्रजी, मग राजधानीचं नाव फ्रेंच कसं? कारण फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात हे बेट चौदा वेळा हातोहात फिरलं असं मोजतात. कॅस्ट्रीज हे नाव फ्रान्सच्या एका नौदलमंत्र्यावरून १७८५ मध्ये पडलं. रोझो हाही फ्रेंच शब्द, अर्थ बोरू. नदीकाठी बोरूचे झुपके होते म्हणून. बासतेर म्हणजे सखल जमीन. पोर्ट लुई फ्रेंच राजा पंधराव्या लुईच्या नावाचं. पुढे १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट घेतलं तरी ते राहिलं. प्राया हा पोर्तुगीज शब्द आहे आणि त्याचा अर्थ फक्त ‘पुळण’.

किंग्स्टन आणि किंग्जटाउन वेगळे ठेवायचे असतील तर मोठ्या शहराची जन्मकथा धरा. १६९२ च्या भूकंपात जमैकातलं पोर्ट रॉयल हे श्रीमंत बंदर बऱ्याच अंशी समुद्रात गेलं आणि वाचलेल्यांनी समोरच्या किनाऱ्यावर किंग्स्टन वसवलं. डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिकसाठी आठवड्यातल्या वाराची खूण आहे. कोलंबसला डॉमिनिका बेट दिसलं तो ३ नोव्हेंबर १४९३ चा दिवस रविवार होता आणि लॅटिनमध्ये रविवारचं नाव ‘डॉमिनिका’, म्हणजे परमेश्वराचा दिवस, असं आहे. डॉमिनिका हे एकटं छोटं बेट. डॉमिनिकन रिपब्लिक मात्र हैतीच्या शेजारी, एकाच मोठ्या बेटाचा वाटेकरी.

प्रशांत महासागरातली बरीच नावं स्थानिक आहेत, आणि ती वाचताना आपलं लिपीमुळे फसणं होतं. किरिबातीचा उच्चार तिथले लोक ‘किरिबास’ असा करतात. त्यांच्या लेखनात ‘टी’ आणि ‘आय’ ही अक्षरं एकत्र आली की ‘स’ असा ध्वनी होतो. ‘गिल्बर्ट्स’ हे ब्रिटिशांच्या काळातलं नाव त्यांच्या उच्चारात बसलं आणि किरिबास झालं. तिथल्या ‘किरितिमाती’ नावाच्या बेटाचा उच्चार याच नियमाने केला की ओळखीचा शब्द कानावर येतो : ख्रिसमस.

## बेट कड्यासारखं असेल तर राजधानी कुठे?

तुवालू, किरिबाती आणि मार्शल बेटं यांच्याकडे डोंगराची भिंतच नाही. ही कंकणद्वीपं आहेत. कंकणद्वीप म्हणजे प्रवाळाचं कडं : जुना ज्वालामुखी हळूहळू खचत पाण्याखाली गेला, त्याच्या कडेने वाढत आलेलं प्रवाळ वर राहिलं. मध्ये शांत उथळ पाणी, भोवती जमिनीचे चिंचोळे तुकडे, बहुतेक ठिकाणी समुद्रापासून दोन-तीन मीटरच उंच.

इथे ‘राजधानी फुनाफुटी, फोंगाफाले की वैआकू?’ असा प्रश्न पडतो. वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळं उत्तर मिळतं आणि शिकणारा चिडतो. खरं तर तिन्ही नावं एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखी आहेत. फुनाफुटी हे संपूर्ण कडं. फोंगाफाले हा त्या कड्यातला सर्वात मोठा तुकडा. वैआकू ही त्या तुकड्यावरची वस्ती, जिथे सरकारी कचेऱ्या आहेत. विचारलं तर ‘फुनाफुटी’ सांगा. फोंगाफालेवर दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, अमेरिकी सैन्याने बांधलेली धावपट्टी आहे. विमान येणार नसेल त्या वेळी मुलं तिच्यावर खेळतात, कारण एवढी सपाट मोकळी जागा बेटावर दुसरी नाही.

किरिबातीची राजधानी दक्षिण तारावा, आणि तिथेही कारभार एका गावात मावत नाही : संसद अंबोला, तर मंत्रालयं बैरिकी, बेशियो अशी विखुरलेली. मार्शल बेटांची माजुरो हेही एक कडंच. मालदीवची माले मात्र कडं नाही. ती कड्यातलं एक छोटंसं बेट आहे, जगातल्या सर्वात दाट वस्तीच्या शहरांपैकी. जागा इतकी अपुरी पडली की समुद्रात भराव टाकून हुलहुमाले हे नवं बेट उभारावं लागलं. २०१८ मध्ये ते पुलाने मालेशी जोडलं गेलं.

## जुनी पुस्तकं चुकीची का निघतात?

कारण राजधान्या हलतात. फिजीची राजधानी आधी लेवुका होती. मागे उभे डोंगरकडे, पुढे समुद्र, गाव वाढायला जागाच नाही. म्हणून १८८२ मध्ये कारभार सुवाला गेला. सॉलोमन बेटांची राजधानी तुलागी दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झाली. ग्वादलकनाल बेटावर अमेरिकी सैन्याने तळ, रस्ते आणि जवळच धावपट्टी बांधून ठेवली होती, तिथे होनियारा वाढली. मायक्रोनेशियाने १९८९ मध्ये कोलोनिया सोडून त्याच पोनपेई बेटावर पालिकिरला सरकार नेलं.

पलाऊची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. लोक राहतात मुख्यतः कोरोरमध्ये. पण कायमची राजधानी बाबेलदाओब या मोठ्या बेटावर असावी असं राज्यघटनेतच लिहिलेलं होतं. त्यानुसार २००६ मध्ये न्गेरुलमुड इथे घुमट आणि खांब असलेली भव्य सरकारी वास्तू उभी राहिली. भोवती शहर नाहीच, हिरवी टेकडी आहे. सार्वभौम देशांच्या राजधान्यांमध्ये सर्वात कमी लोकवस्तीची ती हीच. ‘कोरोर’ असं उत्तर देणारा माणूस अडाणी नसतो, त्याचं पुस्तक जुनं असतं.

## फोन खिशात असताना हे शिकायचं कशाला?

प्रश्न रास्त आहे. एखादं नाव हवं असेल तर फोन पुरेसा आहे. पण काय विचारायचं हेच माहीत नसेल तर फोन काही सांगत नाही. पोर्ट व्हिला कुठे आहे हे ठाऊक असलेला माणूस १७ डिसेंबर २०२४ च्या तिथल्या भूकंपाची बातमी वाचताना थांबतो; बाकीचे पुढे जातात.

एवढ्याशा देशांनी जगात काय फरक पडतो, असंही विचारलं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तुवालूचं मत एक आणि मोठ्यात मोठ्या देशाचंही एकच. हवामानबदलाबाबत देशांवर कायदेशीर जबाबदारी काय, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत नेण्यात व्हानुआतू पुढे होतं, आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने त्यावर मत दिलं. समुद्राचं गणितही पाहा. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर त्या देशाचा हक्क असतो. याला अनन्य आर्थिक क्षेत्र म्हणतात. किरिबातीची जमीन सुमारे ८११ चौरस किलोमीटर आहे, आणि तिच्या हक्काचा समुद्र त्याच्या चार हजार पटींहून मोठा.

राजधानीच पाण्याखाली गेली तर काय, हा तिथल्या लोकांसाठी रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे. तुवालूने २०२३ मध्ये राज्यघटना बदलून लिहून ठेवलं की जमीन गेली तरी देश म्हणून आपलं अस्तित्व कायम राहील. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार दरवर्षी तुवालूच्या २८० जणांना तिथे स्थायिक होता येतं. या बातम्यांमध्ये ‘फुनाफुटी’ हा शब्द येतो तेव्हा तो कोणाचं तरी घर म्हणून वाचला जावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

## मग प्रत्यक्ष शिकायचं कसं?

नावं न छापलेला नकाशा घ्या. एका दिवशी एकाच समुद्रातली चार-पाच बेटं घ्या. आधी वारा कुठून येतो तो बाण काढा आणि राजधानी कोणत्या किनाऱ्यावर असेल याचा अंदाज करून ठिपका द्या. मग खरी जागा पाहा. अंदाज चुकला तर उत्तम, कारण चुकलेली जागा दुप्पट लक्षात राहते असा माझा अनुभव आहे. नाव सगळ्यात शेवटी लिहा आणि मोठ्याने उच्चारा.

दुसऱ्या दिवशी यादी पुन्हा वाचू नका. ती झाकून आठवायचा प्रयत्न करा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे असतात, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत झाकून आठवून पाहणारे त्यांना मागे टाकतात. मग दोन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने असं अंतर वाढवत न्या. उलटंही विचारा : प्राया कोणाची? सारख्या नावांची जोडी कधी एका दिवशी घेऊ नका. किंग्स्टन पक्की बसल्यावर पंधरा दिवसांनी किंग्जटाउन घ्या.

शेवटी तुमच्या यादीत राजधानीची एक चौकट रिकामी राहील, नाउरूची. एकवीस चौरस किलोमीटरचा, एकाच बेटाचा देश. या देशाला अधिकृत राजधानीच नाही. संसद आणि सरकारी कचेऱ्या दक्षिणेकडच्या यारेन जिल्ह्यात आहेत, म्हणून पुस्तकं तेच नाव देतात. त्या चौकटीत यारेनच लिहा, पण पुढे कंसात ‘जिल्हा’ असा शब्द जोडा.